दहा लाखांतला एक

ताईने तो प्रश्न विचारला तेव्हा आम्हा दोघींमध्ये एक दार होतं. दार सताड उघडं होतं, पण उंबऱ्याशी फरशीवर पिवळी पट्टी चिकटवलेली होती आणि तिच्या पुढे पाऊल टाकायचं नाही, असं मला बजावलेलं होतं. आत एक पलंग, पाण्याच्या बाटल्या, लिंबाच्या गोळ्यांचं पाकीट आणि माझी बहीण. आदल्या दिवशी सकाळी एक माणूस शिशाचा डबा घेऊन आला होता. डबा लोणच्याच्या लहान बरणीएवढा, पण उचलताना त्याचा खांदा एका अंगाला झुकला. एवढ्या जड डब्यातून निघाली ती साधी एक कॅप्सूल, थायरॉईडच्या कर्करोगावरच्या किरणोत्सारी आयोडीनची. ताईने ती गिळली, वर ग्लासभर पाणी प्यायली, आणि त्या क्षणापासून ती लांबून बघायची झाली. तिची पोरगी सहा महिन्यांची गरोदर, म्हणून तिला तर रुग्णालयाच्या आवारातही येऊ दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथला भौतिकतज्ज्ञ मोजमापाला आला, तेव्हा त्याने मला दोन मिनिटं दारापर्यंत येऊ दिलं. त्याच्या हातात मुठीएवढं यंत्र होतं. तो ताईपासून एक मीटरवर उभा राहिला आणि यंत्र तडतडायला लागलं. नागपंचमीच्या आधी आई ज्वारीच्या लाह्या करायची. कढई नीट तापली की झाकणाखाली जो कल्लोळ उठतो, अगदी तसा आवाज. आकडा लिहून घेऊन तो बाहेर पडला, यंत्र चालूच होतं, आणि तो व्हरांड्यातून लांब जात राहिला तसा आवाज विरळ होत गेला. टोकाच्या खिडकीशी पोचला तेव्हा एकेक ठोका वेगळा ऐकू यायला लागला. टक्. टक् टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्.

"हा आवाज माझा का?" ताईने विचारलं.

"तुझ्यातल्या आयोडीनचा. एकेक अणू फुटतो, त्याचा किरण तिथवर पोचला की टक्."

ती ऐकत राहिली. उपचारासाठी थायरॉईडच्या गोळ्या महिनाभर बंद होत्या, त्यामुळे चेहरा सुजलेला, आवाज घोगरा, आणि फेब्रुवारीच्या मुंबईतही खांद्यावर शाल. "मग आता ह्यातला कुठला फुटायचा, ते कोण ठरवतं गं?"

"कोणीच नाही ठरवत," मी म्हटलं.

ती गप्प झाली. मग "मग बरंय" म्हणाली आणि लिंबाच्या गोळीचा कागद सोडायला लागली.

ते "बरंय" माझ्या डोक्यातून जाईना.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. किरणोत्साराचा धडा आला की फळ्यावर ती उतरत जाणारी वक्ररेषा काढते, अर्धायुकालाची, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणाऱ्या काळाची, व्याख्या देते, आणि सांगते की कुठला अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही. मुलं लिहून घेतात, पुढचं गणित येतं. हे वाक्य इतक्या वर्षांत इतक्या वेळा बोलून झालंय की त्याचा अर्थ माझ्यापाशी कधी थांबलाच नव्हता. त्या रात्री लॉजच्या खोलीत, खाली रस्त्यावर कांदे-बटाट्यांचे टेम्पो उतरत असताना, माझ्या लक्षात आलं की वर्गात मी म्हणते ते आणि ताईला म्हटलं ते एक नव्हे. "सांगता येत नाही" हे आपल्याविषयी झालं. आपलं ज्ञान अपुरं, आपली साधनं तोकडी. "कोणीच ठरवत नाही" हे जगाविषयी झालं. पहिलं बोलायला काही लागत नाही. दुसरं मी आजारी माणसाला, दारात उभं राहून, विचार न करता बोलून बसले होते.

झोप येईना म्हणून फाइलमधल्या एका कागदाच्या मागे हिशेब मांडला. डोस १०० मिलिक्युरी. म्हणजे गिळल्या वेळी दर सेकंदाला ३७० कोटी अणू फुटत होते. आयोडीन-१३१चा अर्धायुकाल ८ दिवसांचा, त्यावरून एकूण अणू निघाले ३७ कोटी कोटी. त्यांचं वजन एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी, मिठाच्या बारीक कणाहूनही कितीतरी हलकं. आणि दर सेकंदाला किती फुटतात? दहा लाखांतला एक. दहा लाख अणू, सगळे हुबेहूब एकसारखे. भौतिकशास्त्राला माहीत असलेल्या कुठल्याही अर्थाने त्यांच्यात तसूभर फरक नाही. त्यांतला एक या सेकंदाला जातो, बाकीचे राहतात. तोच का, याला उत्तर म्हणून दाखवायला काहीही नाही.

लाह्यांचं तसं नसतं. आईच्या कढईत कुठला दाणा आधी फुटेल हे आम्हाला सांगता यायचं नाही, पण त्याला कारण असायचं. एखाद्या दाण्यात ओल जास्त, एखाद्याचं टरफल पातळ, एखादा कढईच्या मधोमध पडलेला. कोणी चिकाटीने प्रत्येक दाणा तपासला असता तर आधीच सांगू शकला असता. शाळेतल्या विज्ञानाने माझ्या मनात हाच विश्वास रुजवला होता: योगायोग म्हणजे न तपासलेलं कारण. आयोडीनच्या अणूपाशी मात्र तपासायला आत काही सापडत नाही. ना ओल, ना टरफल.

आणि वाट पाहिल्याचाही त्याला उपयोग नसतो. ताईची बारा जणींची भिशी आहे. स्टीलच्या डब्यात घडी घातलेल्या चिठ्ठ्या, आणि ज्या घरी भिशी असेल तिथल्या सगळ्यात लहान पोराने उचलायची. निघालेली चिठ्ठी परत टाकत नाहीत. त्यामुळे जिची वर्षभर निघाली नाही तिची शेवटच्या महिन्यात निघणारच. थांबल्याचं काहीतरी पदरात पडतं. अणूंच्या भिशीत तसं नाही. काल अणुभट्टीत जन्मलेला अणू आणि महिनाभर न फुटता राहिलेला अणू, दोघांचीही पुढच्या आठ दिवसांत फुटण्याची शक्यता तेवढीच, निम्मी. अणू म्हातारा होत नाही. तो थकत नाही, झिजत नाही, त्याचं काही भरत येत नाही. तिसऱ्या दिवशी फोनवर ताईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे चिठ्ठ्या परत परत डब्यात टाकतात म्हण की." वर्गात इतक्या नेमकेपणाने मला कधी जमलं नव्हतं.

तिला गाठ सापडली ती मागच्या पावसाळ्यात, आरशासमोर मंगळसूत्र अडकवताना. तेव्हापासून सहा महिने आमच्या घरात कारणांचा रतीब लागला होता. मोठ्या काकूंच्या मते कुलदेवीची ओटी तीन वर्षं राहिली होती. शेजारच्या वहिनींच्या मते प्लॅस्टिकच्या डब्यातली गरम भाजी. एक लांबचे मेहुणे भेटायला आले, चहा घेतला आणि जाताना पायऱ्यांवर मला म्हणाले की ताईने आयुष्यभर मनातलं बोलून दाखवलं नाही, सगळं गळ्याशी साठलं. हे सगळं ते मायेनेच बोलत होते, त्याबद्दल मला शंका नाही. पण प्रत्येक कारणाच्या पोटात एक आरोप होता, आणि तो शेवटी ताईवरच येऊन पडत होता. ओटी तिने भरली नाही. भाजी तिने भरली. बोलली नाही तीही तीच. रात्री आवराआवर झाल्यावर ती ओट्याशी उभी राहून हे एकेक कारण तपासायची, मी पाहिलंय. हात पुसत म्हणायची, "एकदा रागाने बोलायला हवं होतं का गं मी?"

मीही काही वेगळी नव्हते. मी फक्त शास्त्राच्या भाषेत कारण शोधत होते. लहानपणी गळ्याला किरणोत्साराचा मारा बसला तर थायरॉईडचा कर्करोग संभवतो, हे ठाऊक होतं म्हणून मी आईच्या जुन्या ट्रंकेतून ताईचे लहानपणचे डॉक्टरी कागद काढून बसले, कधी क्ष-किरणांचे उपचार झाले होते का ते बघायला. काही निघालं नाही. शोधताना चेर्नोबिलपाशी मात्र थांबले. २६ एप्रिल १९८६च्या त्या अपघातानंतर हेच आयोडीन-१३१ गवतावर पडलं, गवतातून गाईंच्या पोटात, दुधातून मुलांच्या पोटात गेलं, आणि पुढच्या वर्षांत बेलारूस, युक्रेन, रशियातल्या हजारो मुलांच्या गळ्यात गाठी आल्या. जे त्यांच्या दुधात मिसळलं तेच ताईच्या कॅप्सूलमध्ये होतं. ग्रंथीला साध्या आयोडीनमधला आणि या आयोडीनमधला फरक कळत नाही. ती दोघांनाही सारख्याच ओढीने आत घेते. तिच्या याच न कळण्यावर तो आजार झाला आणि याच न कळण्यावर हा उपचार उभा आहे. हे वाचून मी कितीतरी वेळ नुसती बसून होते.

आपल्या पेशी विभागताना त्यांच्यातला डीएनएचा तो लांबलचक मजकूर नव्याने उतरवला जातो आणि कुठेतरी एखादं अक्षर चुकतं. अमेरिकेतल्या टोमासेटी आणि फोगेलश्टाइन या दोघांनी २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये मांडलं की कर्करोगाला कारण ठरणाऱ्या बदलांतला मोठा वाटा अशा नुसत्या उतरवण्याच्या चुकांचा असतो. त्यावर खूप वाद झाला, आणि व्हायलाच हवा होता, कारण तंबाखू आणि धूर यांची जबाबदारी त्या आडून कोणी झटकता कामा नये. शिवाय पेशीतली चूक ही बरीचशी लाह्यांसारखी आहे, खोल खणलं तर कारणांचा गुंता सापडेल अशी. अणूतला योगायोग त्याहून निराळ्या जातीचा. दोन्ही एका शब्दात कोंबून ताईला दिलासा देणं खोटेपणाचं झालं असतं. तरी पहिल्यांदाच मला असं एक वाक्य सापडलं होतं ज्यात आरोप नव्हता.

आमची आजी म्हणायची, "सटवाईने लिहिलंय ते कुणाला चुकलंय?" मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी, कुठे सहाव्या, पूजा मांडायची, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, आणि रात्री सटवाई येऊन कपाळी लिहून जाते. तो लेख कोणाला वाचता येत नाही, पण लिहिलेला असतो. आजीला या वाचता न येण्याचं दुःख नव्हतं. लिहिलेलं आहे, एवढंच तिला पुरे होतं.

आइन्स्टाइनलाही तेवढंच हवं होतं, असं मला वाटायला लागलंय. १९१६ मध्ये ते अणूतून प्रकाश आपणहून बाहेर पडण्याचं गणित मांडत होते. रदरफर्डने किरणोत्सारासाठी जो नियम दिला होता तोच इथे समोर आला, आणि त्याबरोबर तीच अडचण: अणू केव्हा प्रकाश सोडेल आणि कुठल्या दिशेला, हे योगायोगावर सोडावं लागत होतं. हा आपल्या सिद्धान्ताचा कमकुवतपणा आहे, असं त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलं. पुढे १९२४च्या एका पत्रात त्यांनी मॅक्स बॉर्न यांना कळवलं की इलेक्ट्रॉनने केव्हा आणि कुठे उडी मारायची हे आपल्या मर्जीने ठरवावं ही कल्पना मला सोसवत नाही; तसंच असेल तर भौतिकशास्त्र करण्यापेक्षा मी जोडे शिवीन, नाहीतर जुगाराच्या अड्ड्यावर नोकरी करीन. देव फासे टाकत नाही, हे त्यांचं वाक्य सगळे सांगतात. मला हे पत्र जास्त जवळचं वाटतं. त्यात विद्वानाचा मुद्दा कमी आणि घरच्या माणसाचा त्रागा जास्त आहे, आणि तो त्रागा मी ट्रंकेसमोर बसून अनुभवला होता.

सटवाईचा लेख विज्ञानातूनही पुरता गेलेला नाही, हे सांगायला हवं. १९५२ मध्ये डेव्हिड बोम यांनी दाखवलं की कणांचं भविष्य आधीच ठरलेलं आहे, फक्त आपल्याला वाचता येत नाही, असं मानूनही पुंजयामिकीची, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्सची, सगळी उत्तरं बरोबर येतात. पण त्याची किंमत मोठी आहे, आणि ती किती मोठी हे १९६४ मध्ये जॉन बेल यांनी नेमकं सांगितलं: कण आपली चिठ्ठी खिशात घालूनच घरून निघतो, आणि दूरवर काय चाललंय याचा त्याच्यावर त्याच क्षणी काही परिणाम होत नाही, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या धरता येत नाहीत. प्रयोग झाले, पुन्हा पुन्हा झाले, बेल यांचं म्हणणं टिकलं; २०२२चं भौतिकशास्त्राचं नोबेल आस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर यांना त्याच प्रयोगांसाठी मिळालं. म्हणजे लेख हवा असेल तर सगळं विश्व एका धाग्याने बांधलेलं आहे असं मानावं लागतं. नाहीतर कागद कोरा आहे हे स्वीकारावं लागतं. मला स्वतःला कागद कोरा आहे असं वाटतं. हे सिद्ध करता येणार नाही मला. पण त्या व्हरांड्यातला, दोन ठोक्यांमधला तो लांबलेला रिकामा वेळ आठवला की वाटतं.

आमच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या संस्कृतच्या बाईंना मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि श्वेताश्वतर उपनिषदातली सुरुवातीचीच ओळ म्हणून दाखवली: कालः स्वभावो नियतिर्यदृच्छा भूतानि योनिः पुरुष इति चिन्त्या. जगाचं कारण काय असावं, याची ती यादी. काळ, वस्तूचा स्वभाव, नियती, आणि तिच्या अगदी शेजारी यदृच्छा. कारण नसताना घडणं. उपनिषद पुढे यातल्या कशावरच समाधान मानत नाही, त्याला निराळीकडे जायचंय. पण इतक्या जुन्या काळी कोणीतरी नियती आणि यदृच्छा एका ओळीत शेजारी बसवल्या आणि म्हटलं, यांचा विचार करा; याने मला उगीचच धीर आला. बाई म्हणाल्या, "चिन्त्या म्हटलंय, बरं का. निवडा नाही म्हटलेलं."

या सगळ्यात मला आजही सर्वांत चकित करते ती दुसरीच गोष्ट. एकेकट्या अणूला कसलंच वेळापत्रक नाही, आणि सगळ्यांचं मिळून घड्याळ मात्र विलक्षण काटेकोर. आठ दिवसांत निम्मे, सोळा दिवसांत पाव. ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमवर न्यूट्रॉनचा मारा करून हे आयोडीन बनवतात, आणि बनल्या क्षणापासून ते सरायला लागतं, म्हणून कुठल्या दिवशी, किती वाजता, किती उरेल याचा हिशेब करूनच डोस आखतात. ताईला द्यायच्या डोसाची तारीख अशीच ठरली होती. कोणी ठरवत नाही अशा कोट्यवधी गोष्टींच्या बेरजेवर डॉक्टरांनी निर्धास्तपणे बोट ठेवलं होतं. त्यांनी ताईला हेही सांगितलं होतं की या आजारातून बहुतेक जण बरे होतात. ताईने विचारलं होतं, "मी त्यातली कुठली?" डॉक्टर चांगले होते. ते हसले नाहीत, आणि उत्तरही दिलं नाही.

घरी आल्यावर ताईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर आठव्या दिवशी फुली मारायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलेली बंधनं काही आठवड्यांचीच होती, आणि आयोडीनचा मोठा भाग तर पहिल्या दोन-तीन दिवसांत लघवीवाटेच निघून गेला होता. मी हे समजावलं. तिला ते पटलंही. तरी तिने दहा फुल्यांचा हिशेब धरला होता. दहा वेळा निम्मं केलं की हजारातला एकही भाग उरत नाही, हे तिने माझ्याकडूनच काढून घेतलं होतं. "आणि शेवटचा कधी जाईल?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, ते कोणालाच सांगता येणार नाही. मग स्वतःलाच दुरुस्त केलं. म्हटलं, ते ठरलेलंच नाहीये. ती कॅलेंडरकडे बघत म्हणाली, "माझं काही चुकलं नव्हतं ना गं?" एवढंच. दारातल्या त्या "बरंय"चा अर्थ मला तेव्हा थोडा कळला. पूर्ण कळला असं नाही म्हणणार, कारण त्यानंतर ती कुलदेवीला जाऊन ओटीही भरून आली, आणि येताना शांत दिसत होती.

दहावी फुली मे महिन्याच्या सुरुवातीला पडली. त्यानंतर अकरा दिवसांनी पोरीला मुलगी झाली. ताईचं सहा महिन्यांनंतरचं स्कॅन अजून व्हायचं होतं. त्याची तारीख त्याच कॅलेंडरवर पुढच्या पानांत गोल करून ठेवली होती.

पाचवीला मी गेले तेव्हा घरात शेकशेगडीचा, ओव्याचा आणि हळदीचा वास भरला होता. ताईने पाटा-वरवंटा धुऊन पुसून ठेवला होता, हळद-कुंकू वाहिलं होतं, नैवेद्याचं ताट झाकलं होतं. बाळ आतल्या खोलीत आईजवळ होतं. "एक कागद दे गं," ताई म्हणाली. मी पर्समधली फाइल उघडून हाताला लागला तो कागद दिला. तिने तो उजेडात धरला, उलटा केला. मागे माझे लॉजवरचे आकडे होते, ३७ कोटी कोटी, खाली दोनदा रेघ मारलेली.

"हा नको. दोन्ही बाजूंनी कोरा दे."

दुसरा दिला. तिने तो पाट्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर सुपारी ठेवली. मग पेन उघडलं आणि चालतंय का ते आपल्या तळहातावर ओढून पाहिलं. निळी रेघ उमटली. पेन तिने कागदाशेजारी ठेवलं, टोपण न लावता, आणि हात पुसून बाळाला घ्यायला आत गेली.